‘अभ्यासात मागे’ हा शेरा लिहिण्याआधी: बालगृहातल्या भटक्या-विमुक्त आणि आदिवासी मुलांसाठी पहिल्या शंभर दिवसांचं काम

पुण्यातल्या एका बालगृहात काम करत असताना माझ्याकडे नऊ वर्षांच्या एका मुलीची फाइल आली. पारधी कुटुंबातली, सिग्नलवर गजरे विकणारी, दुसऱ्या संस्थेतून बदली होऊन आलेली. तिच्या शिक्षणाबद्दल फाइलमध्ये एकच ओळ होती: ‘अभ्यासात मागे, हट्टी, हाक मारली तरी लक्ष देत नाही.’ दुसऱ्या दिवशी वेणी घालताना गृहमातेला तिच्या डाव्या कानाशी वास आला. कानात काळपट पडलेला कापसाचा बोळा होता, आत पू. ईएनटीच्या ओपीडीत कळलं की पडद्याला भोक आहे आणि त्या कानाने तिला फारच कमी ऐकू येतं. वर्गात तिला उजवीकडच्या भिंतीला लागून बसवलं होतं, म्हणजे चांगला कान भिंतीकडे आणि बाईंचा आवाज यायचा तो वाहत्या कानाच्या बाजूने. त्यात बाई बोलायच्या ती मराठी तिच्या घरची भाषा नव्हती.

त्या एका ओळीने तिचं दीड वर्ष खाल्लं. तिला त्रास देण्याचा कुणाचाच हेतू नव्हता. बालगृहात पन्नास-साठ मुलं असतात आणि माणसं थोडी. तिथे ज्याला मराठीत तक्रार करता येते त्याला औषध मिळतं, आणि ज्याला प्रश्न विचारता येतो त्याच्याकडे शिकवायला येणारी ताई वळते. ‘माझं डोकं दुखतं’ असं स्पष्ट सांगणाऱ्या मुलाला चष्मा लागतो. शेजारच्या खाटेवरच्या कातकरी मुलाला फळा दिसत नाही, पण तो बोलत नाही, म्हणून तो ‘मंद’ ठरतो. बालगृहात विषमता अशी तयार होते, रोज थोडी थोडी. ‘आमच्याकडे सगळी मुलं सारखी’ हे वाक्य मी फार ऐकलंय आणि एके काळी मीही म्हणायचे. आता म्हणत नाही. सगळ्यांना सारखं ताट मिळालं तरी ज्याला भूक सांगता येत नाही तो उपाशीच उठतो.

पुढचं सगळं एकाच नियमावर उभं आहे: तक्रारीची वाट न पाहता प्रत्येक मुलाचं सगळं तपासायचं, आणि ते संपेपर्यंत फाइलमध्ये अभ्यासाबद्दल एकही विशेषण लिहायचं नाही. अधीक्षक, परिवीक्षा अधिकारी (मुलाच्या घरची चौकशी करणारे), गृहमाता, समुपदेशक आणि शिकवायला येणारे स्वयंसेवक, सगळ्यांना यात काम आहे. मुलं कोण? पारधी, कैकाडी, वडार, वैदू, डोंबारी, बंजारा, मदारी अशा कुटुंबांतली. मुळशी, मावळ, भोर, वेल्ह्याकडच्या वाड्यांतली कातकरी. जुन्नर-आंबेगावची ठाकर आणि महादेव कोळी.

पहिला दिवस: तपासणी नीट, कात्री लांब

मूल दाखल झाल्यापासून २४ तासांत वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याला तपासायचं, असं बाल न्याय अधिनियमाचे नियम सांगतात. बऱ्याच ठिकाणी ही तपासणी म्हणजे वजन, उंची, ‘एनएडी’ (म्हणजे ‘काही दोष आढळला नाही’) ही तीन अक्षरं आणि सही. डॉक्टरांना घाई असते हे मान्य, पण तरी त्यांना पाच गोष्टी नाव घेऊन सांगा. दोन्ही कानांत यंत्राने पाहा. तोंड उघडून दाढा मोजा. डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, वण आहे का ते बघा. पापण्यांची आतली बाजू आणि तळहात फिके आहेत का ते बघा. बोटांच्या बेचक्यांत खरूज आहे का ते बघा. या सगळ्याला चार मिनिटं लागतात.

उवा दिसल्या म्हणून मुलीचं डोकं भादरू नका. नवीन जागा, अनोळखी माणसं, त्यात केस गेले की त्या मुलीला शिक्षा झाल्यासारखंच वाटतं. डॉक्टरांना विचारून परमेथ्रिनचं लोशन लावा, बारीक फणी फिरवा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा करा. खरजेचं औषध मानेपासून तळपायापर्यंत लावायचं असतं, आणि खोलीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी. नाहीतर खरूज महिनाभर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर फिरत राहते.

अंगावरचे मणी, ताईत, कंबरेचा करगोटा, आईची ओढणी, काहीही फेकू नका. धुऊन नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवा आणि पिशवी कुठे आहे ते मुलाला दाखवा. नाव ऐकायला वेगळं वाटलं म्हणून ‘सुधारून’ लिहू नका. दोन वर्षांनी जन्मदाखल्याशी नाव जुळत नाही तेव्हा त्याच सुधारणेपायी प्रतिज्ञापत्र करावं लागतं. भावंडं असतील तर रात्री जवळ झोपू द्या. नियमात बसत नसेल तर बाल कल्याण समितीकडून (मुलाबद्दलचे आदेश तीच देते) तसं लिहून घ्या.

पंधरा दिवस: चौकशी अहवालात भरायच्या जागा

सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या चौकशीचा अहवाल, पंधरा दिवसांत बाल कल्याण समितीपुढे जायला हवा, म्हणजे चार महिन्यांच्या आत अंतिम आदेश निघू शकतो. छापील नमुन्यात रकाने असतात, पण या मुलांसाठी ते पुरत नाहीत. मी मागच्या कोऱ्या पानावर हाताने आणखी लिहायचे. घरात कुठली भाषा बोलतात, मुलाला कुठली समजते आणि कुठली बोलता येते (या दोन वेगळ्या गोष्टी). कुटुंब कुठल्या महिन्यात कुठे असतं. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला गेली की पावसाळ्यालाच परततात, हे माहीत नसेल तर गृहभेटीला गेलेला माणूस बंद झोपडी पाहून ‘पालक बेपत्ता’ असं लिहून येतो. घरात कुणाला क्षय झाला होता का. लहानपणी गेलेली भावंडं आहेत का. मूल कधी, कुठल्या शाळेत, अगदी आठ दिवसांसाठी का होईना, बसलं होतं का.

जात पोलिसांच्या पत्रावरून उतरवून घेऊ नका. कुटुंब स्वतःला काय म्हणतं ते त्यांच्याच शब्दांत लिहा. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ला गेला, पण कागदांवरची भाषा अजून गेलेली नाही. ‘चोरी करणाऱ्या समाजातील’ असं वाक्य मी एका मुलाच्या अहवालात वाचलं आहे. असं वाक्य दिसलं तर समितीला लेखी विनंती करून दुरुस्त करून घ्या, कारण ती फाइल मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या पुढे पुढे चालते.

नातेवाईक फाटकाशी उभे राहतात, आत यायला बिचकतात. त्यांना आत बोलवा, खुर्ची द्या, पाणी द्या, मग विचारा. जन्मतारीख विचारली तर ‘काय माहीत’ एवढंच ऐकू येईल. त्या मुलीच्या आजीशी माझं बोलणं असं झालं होतं:

“मावशी, पोर झाली तेव्हा कुठं होता तुम्ही?”

“करमाळ्याला. जत्रंत.”

“लॉकडाऊनच्या आधी किती? तेव्हा चालत होती का बोलत होती?”

“चालत व्हती की. दात पडाय लागलं व्हतं.”

एवढ्या बोलण्यातून जन्माचं साल एक-दोन वर्षांच्या फरकाने पकडता येतं आणि जन्मनोंद कुठे शोधायची तो तालुकाही कळतो. मार्च २०२०चं लॉकडाऊन ही आपल्या हातातली फार उपयोगी खूण आहे. निवडणूक, पूर, गावची जत्रा यांचाही असाच आधार घ्या.

पहिला महिना: कान, डोळे, रक्त

मी इथे सगळ्यात जास्त वेळ घालवते. शाळेत दिसणारी अर्धीअधिक अडचण शरीरात सापडते, असा माझा अनुभव आहे.

आधी कान. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून, एक कान बंद करून, हळू आवाजात त्याच्या घरच्या भाषेतले शब्द म्हणा आणि परत म्हणायला सांगा. मराठी शब्द वापरलेत तर तुम्ही कान न तपासता भाषा तपासाल. शंका आली की ऑडिओमेट्री (यंत्रावर ऐकण्याची तपासणी) करून घ्या. वाहणाऱ्या कानात तेल, लसणाचा रस, काहीही घालू नका. आंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस, आणि डॉक्टरांनी सांगितलेले थेंब पूर्ण दिवस. कान कोरडा झाला म्हणून पुढची तारीख चुकवू नका, पडद्याचं भोक आतच असतं.

मग डोळे. अक्षरांचा तक्ता अक्षर न येणाऱ्या मुलापुढे धरून काही उपयोग नाही. इंग्रजी ‘ई’ वेगवेगळ्या दिशांना वळवलेला तक्ता मिळतो. ‘काड्या कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखव’ एवढंच सांगायचं. सहा मीटर अंतर, प्रत्येक डोळा वेगळा.

रक्ताची तपासणी करताना वयाप्रमाणे मर्यादा लक्षात ठेवा. ५ ते ११ वर्षं वयाला हिमोग्लोबिन ११.५च्या खाली, आणि १२ ते १४ वर्षांना १२च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. शाळेत आठवड्याला एक लोहाची गोळी मिळते, पाच ते नऊ वर्षांना गुलाबी, दहा ते एकोणीस वर्षांना निळी. ही गोळी प्रतिबंधासाठी आहे. आधीच रक्त कमी असलेल्या मुलाला ती पुरत नाही, त्याला डॉक्टरांनी ठरवलेला वेगळा डोस लागतो. बालगृहातली मुलं वर्षाच्या मध्येच शाळेत येतात, त्यामुळे त्यांची नावं गोळ्यांच्या आणि जंतनाशकाच्या यादीतून सुटतात. मुख्याध्यापकांकडे जाऊन यादी डोळ्यांनी पाहा.

आदिवासी मुलांची सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालीच पाहिजे. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया अशा जमातींत तो जास्त आढळतो, आणि कातकरी मुलांनाही यातून वगळू नका. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ला सुरू झालं आणि त्यात शून्य ते चाळीस वयाच्या लोकांची तपासणी धरली आहे, म्हणजे सरकारी दवाखान्यात ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. पहिली विद्राव्यता चाचणी फक्त संशय दाखवते. मूल वाहक आहे की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या पुढच्या रक्तचाचण्यांनी कळतं. हा फरक गृहमातेला समजावून सांगा, नाहीतर निव्वळ वाहक असलेल्या मुलाला ‘आजारी’ म्हणून मैदानावर सोडत नाहीत. उलट खऱ्या रुग्णाचे पाय दुखले की ‘शाळा बुडवायचं निमित्त’ म्हणून त्याला ओरडा बसतो. सिकलसेलच्या मुलाला पाणी भरपूर हवं, थंडीत अंगभर कपडे हवेत, आणि ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर. ही तीन वाक्यं शाळेलाही लेखी द्या.

वाढीच्या तक्त्यावर उंची आणि वजन दोन्ही मांडा. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते अतितीव्र कुपोषण, त्याला थांबवून ठेवू नका. लसीचं कार्ड नसेल तर ‘झाल्या असतील’ असं धरू नका. वयाप्रमाणे राहिलेल्या लसी आरोग्य केंद्रात विचारून सुरू करता येतात. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) तर संस्थेतल्या मुलांची सर्रास राहून गेलेली असते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, रोज संध्याकाळी कणकण, वजन न वाढणं यांपैकी काहीही असलं तर क्षयाच्या तपासणीला थांबू नका, घरात क्षयाचा इतिहास असला तर मुळीच नाही.

पुण्यात हे सगळं होऊ शकतं. ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम. अडचण येते ती रांगेची आणि कागदांची. आठवड्यातला एक वार दवाखान्याचा म्हणून ठरवा, एका वेळी तीनच मुलं न्या, समितीच्या आदेशाची प्रत आणि संस्थेचं पत्र सोबत ठेवा. मुलाची भाषा येणारी मोठी मुलगी किंवा नातेवाईक बरोबर असेल तर डॉक्टरांना दुप्पट माहिती मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात आणि दोष सापडला तर पुढचे उपचार मोफत होतात. पथकाला पत्र देऊन बालगृहात बोलवा. शस्त्रक्रियेची वेळ आली तर समितीला लेखी कळवून आदेश घ्या, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा. कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण तिथे आहे.

मनाबद्दल थोडंच लिहिते, कारण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. अंथरूण ओलं होणं, अन्न उशीखाली लपवून ठेवणं, कोपऱ्यात बसून राहणं हे पहिल्या काही महिन्यांत घडतंच. रस्त्यावर, पोलीस ठाण्यात, रात्रीच्या छाप्यांत त्या मुलाने जे पाहिलंय ते बाहेर येत असतं. शिक्षा नाही, चारचौघांत बोलणं नाही. समुपदेशक मिळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर निदान तुम्हाला तरी सल्ला मिळेल.

कागद: वय, जन्म, जात, आधार

बाल न्याय कायद्याच्या ५३व्या कलमात जन्मनोंदणी आणि ओळखीचा पुरावा मिळवायला मदत करणं ही संस्थेने द्यायच्या सेवांतली एक सेवा म्हणून लिहिलेली आहे. ती मेहरबानी नाही, आपलं काम आहे.

वय अंदाजाने लिहू नका. कुपोषणाने खुरटलेलं दहा वर्षांचं मूल सात वर्षांचं दिसतं आणि मग पहिलीत बसतं. दाढा इथे मदत करतात. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्याच्या सुमाराला. हा झाला तुमचा स्वतःचा अंदाज. अधिकृत वय ठरवताना समिती आधी शाळेचा दाखला पाहते, तो नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी.

जन्मनोंद शोधायला आजीने सांगितलेला तालुका कामी येतो. पुण्यातल्या सिग्नलवर दिसणारी अनेक पारधी कुटुंबं सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगरकडची असतात. तिथल्या आरोग्य केंद्राच्या आणि अंगणवाडीच्या नोंदवह्या आधी पाहा, पुष्कळदा नाव न लिहिता ‘स्त्री जातीचे अपत्य’ अशी नोंद सापडते. नोंदच नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीनंतर जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हादंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. यात महिने जातात, म्हणून अर्ज पहिल्या महिन्यातच करा.

जातीच्या दाखल्यात सगळ्यात जास्त मुलं अडकतात. दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत देतात. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ या तारखांच्या आधीचं वास्तव्य पाहिलं जातं. ज्यांच्या आजोबांना गावात तीन दिवसांच्या वर थांबू दिलं जात नव्हतं, त्यांच्याकडे त्या काळचा उतारा मागणं किती क्रूर आहे हे कार्यालयात बसलेल्या माणसालाही कळत असतं. म्हणून भांडू नका, तयारी करून जा. नातेवाइकांपैकी कुणाचाही दाखला, शाळेच्या जुन्या रजिस्टरातली चुलत्याची नोंद, गावच्या सरपंचाचं पत्र जोडा, आणि गृहचौकशी करावी अशी लेखी विनंती करून तिची पोच घ्या.

नाव लिहिताना एकेक शब्द तपासा. पारधी आणि फासेपारधी अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत, राजपारधी आणि गावपारधी विमुक्त जातींच्या. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत येतात, आपल्याकडे विमुक्त जातीत. एका शब्दाने पुढची शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि जात वैधता सगळं बदलतं. पुणे जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांसाठी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी ओळख ठेवा.

आधारसाठी मान्यताप्राप्त संस्थेच्या अधीक्षकांचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. पाच आणि पंधरा वर्षांना बोटांचे ठसे द्यायचे असतात, ते राहिलं की नेमकं दहावीच्या अर्जाच्या वेळी अडतं. पण आधार नाही म्हणून शाळेत नाव घालायचं थांबवू नका.

शाळा: वर्ग वयाचा, शिकवणी पातळीची

शिक्षण हक्क कायद्याच्या चार तरतुदी मी एका कागदावर छापून पर्समध्ये ठेवते. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. बदलीचा दाखला यायला उशीर झाला तरी नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही घ्यावं लागतं. आणि मूल वयाप्रमाणे वर्गात बसतं, मागे असेल तर त्याला तीन महिने ते दोन वर्षं विशेष प्रशिक्षण मिळायला हवं. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवणं सोयीचं वाटतं, पण ते मूल महिन्याभरात पळून जातं. ते पळालं तर मला नवल वाटत नाही.

पातळी तुम्ही स्वतः तपासा. अक्षर, शब्द, लहान परिच्छेद, गोष्ट, या चढत्या क्रमाने वाचायला द्या आणि मूल जिथे अडतं तिथून शिकवणी सुरू करा. गणित तोंडी विचारा. त्या गजरेवाल्या मुलीला लेखी परीक्षेत भोपळा मिळाला होता. मी विचारलं, “वीसचा एक, असे तीन घेतले, शंभरची नोट दिली. परत किती?” तिने माझ्याकडे असं पाहिलं की एवढं सोपं काय विचारता, आणि ‘चाळीस’ म्हणाली. तिला वजाबाकी येत होती, वजाबाकीची खूण येत नव्हती. ती खूण शिकायला चार दिवस लागले.

भाषेचा प्रश्न शाळेला समजावून सांगावा लागतो. पारधी बोली गुजरातीच्या जवळची, कैकाडी तमिळच्या, वडारी आणि वैदूंची बोली तेलुगूच्या, बंजारांची गोरबोली आणखी वेगळी. वडारी घरातलं मूल ‘तो ताई आला’ म्हणतं तेव्हा ते बेशिस्त नसतं. मराठीतलं तो-ती-ते त्याच्या बोलीत याच पद्धतीने चालत नाही. शंभर पानी वही घ्या. एका बाजूला मुलाचा शब्द देवनागरीत, समोर मराठी शब्द, मध्ये चित्र. रोज पाच शब्द. त्याच समाजातली मोठी मुलगी ही वही लिहायला बसली तर दोघींचं शिक्षण होतं. तिच्या बोलीतला शब्द वहीत छान अक्षरात लिहिलेला पाहून लहान मूल पहिल्यांदा बोलू लागतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. बालगृहात ‘मराठीतच बोलायचं’ असा नियम असेल तर तो काढून टाका.

मुख्याध्यापकांना प्रवेशाच्याच दिवशी भेटा आणि तीन गोष्टी पत्रात द्या. ऐकू-दिसण्याच्या अहवालाप्रमाणे बसायची जागा. वर्गात काही हरवलं तर फक्त या मुलाचं दप्तर झडणार नाही, झडायचं तर सगळ्यांचं. आणि वर्गात जातीवरून किंवा ‘संस्थेतला’ म्हणून हाक मारली जाणार नाही. शिक्षकाने मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमात मारण्याइतकंच निषिद्ध आहे. पत्र देऊनही ऐकलं नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करता येते. मात्र आधी वर्गशिक्षिकेशी बोला. बहुतेक बाई मुलाबद्दल खरं काही कळलं की विरघळतात.

आपल्याकडूनही चुका होतात. देणगीत आलेली एकसारखी निळी दप्तरं घेऊन बारा मुलं रांगेने शाळेत शिरली की न सांगताच सगळ्या शाळेला कळतं. दप्तरं वेगवेगळी घ्या. वाढदिवस साजरा करायला येणाऱ्या पाहुण्यांना मुलांचे फोटो काढू देऊ नका. मुलाची ओळख उघड करण्याला बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आणि स्वयंसेवक निवडताना रविवारी केक घेऊन येणाऱ्या दहा जणांपेक्षा दर मंगळवारी सात वाजता येणारा, सहा महिने टिकणारा एक जण घ्या.

दर तीन महिन्यांनी: दोन तक्ते

पहिला तक्ता मुलाचा. उंची, वजन, हिमोग्लोबिन, कान, डोळे, वाचनाची पातळी, शाळेतली हजेरी, घरच्यांची भेट. वैयक्तिक काळजी आराखड्याला तो टाचून ठेवा.

दुसरा तक्ता संस्थेचा, आणि तो कुणी करत नाही. गेल्या तीन महिन्यांत चष्मे कुणाला मिळाले, दाताच्या डॉक्टरांकडे कोण गेलं, शिकवणीला कोण बसलं, सहलीला कोण गेलं, शिक्षा कुणाला झाली. नावांसमोर समाज आणि घरची भाषा लिहा आणि शांतपणे बघा. मी पहिल्यांदा केला तेव्हा आमचे सगळे चष्मे मराठी बोलणाऱ्या मुलांच्याच नाकावर निघाले. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात राहिलेल्या सगळ्यांचे डोळे तपासले. हा तक्ता भिंतीवर लावायचा नाही, व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवायचा. तपासणी समिती तीन महिन्यांतून निदान एकदा येते आणि तिच्यात एक वैद्यकीय अधिकारी असावा लागतो. त्यांच्यासमोर तक्ता ठेवा आणि काय कमी पडतंय ते लेखी मागा.

घरी जाताना, आणि अठराव्या वर्षी

यातली बरीच मुलं गरिबीमुळे आलेली असतात, आईबाप असून. त्यांना घरी जाता यावं हेच चांगलं. केंद्राच्या मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्व योजनेत महिन्याला ४,००० रुपये मिळतात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,०००च्या आत हवं. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये आहेत. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे. मूल घरी जायच्या आधी अर्ज द्या. गेल्यावर कुटुंब स्थलांतर करतं आणि सही राहून जाते.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत बदली होणार असेल तर पूर्ण फाइलची प्रत मुलाबरोबर त्याच गाडीत पाठवा, ‘मागून पाठवतो’ नको. मागून पाठवलेल्या फाइलला दोन-दोन महिने लागतात आणि तोवर मूल पुन्हा कोऱ्या पानापासून सुरू करतं.

शाळा फारच सुटलेल्या मोठ्या मुलांसाठी पुण्यातच मुख्यालय असलेल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म आहे, राज्य मुक्त विद्यालय मंडळाचाही मार्ग आहे. अठरानंतर अनुरक्षण सेवा, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरची मदत, एकविसाव्या वर्षापर्यंत मिळते, काही कारणाने तेविसाव्यापर्यंत वाढते. त्याचा अर्ज सतराव्या वाढदिवसालाच तयार ठेवा. आईवडील दोघंही नसलेल्या मुलांना अनाथ प्रमाणपत्रावर शिक्षण आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे. पात्रता असेल तर तो प्रस्तावही मूल संस्थेत असतानाच पाठवा, बाहेर पडल्यावर सह्या मिळत नाहीत.

ती मुलगी अकराव्या वर्षी आजीकडे गेली. कानाची शस्त्रक्रिया झाली होती, ती गोष्ट वाचू लागली होती. तिच्याबरोबर मी प्लास्टिकची बटणाची फाइल दिली: समितीचा आदेश, जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, लसीचं कार्ड, रक्ताचा अहवाल, दोन भाषांची वही, जातीच्या दाखल्याच्या अर्जाची पोच. सगळ्यात वर कानाचा अहवाल आणि ससूनची पुढची तारीख. तारखेखाली १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर आजीला दिसेल एवढ्या मोठ्या आकड्यांत लिहिला, आणि आजीकडून तो तीनदा पाठ म्हणून घेतला.